गोणपाटाखालच्या गोगलगायी

हे उन्हाळ्यात गेले, अन् त्याच पावसाळ्यात गोगलगायींनी उच्छाद मांडला. परसात यांनीच केलेला मेथी-पालकाचा वाफा. सकाळी बघावं तर पानांची चाळण. दुकानदार म्हणाला, गोळ्या टाका, एका रात्रीत साफ. टाकते कशी? भिंतीपलीकडच्या आपांच्या कोंबड्या दिवसभर माझ्याच परसात चरायच्या.

उपाय आपांनीच सांगितला. संध्याकाळी वाफ्याशेजारी ओलं गोणपाट अंथरायचं, त्याखाली पपईच्या साली. उजाडल्यावर उचललं, की शंखाच्या, बिनशंखाच्या, सगळ्या तिथं चिकटलेल्या. वेचायच्या अन् मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

मला तर बघूनच शिसारी आली. म्हटलं, "ते मला नाय जमायचं आपा. श्रावण चाललाय. श्रावणात मी मुंगीसुद्धा मारत नाय."

आपा कमरेवर हात ठेवून हसल्या. "वा भाभी! पाप मेरा, पालक तुम्हारी?"

पण यायला लागल्या. रोज सकाळी मी गोणपाट उचलून तोंड फिरवायची, त्या चिमट्यानं एकेक बादलीत टाकायच्या. मग हात धुऊन ओट्यावर चहा. सुनेची गाऱ्हाणी, नातवंडांचा धिंगाणा, शहागंजातले भाजीचे भाव. त्या चहासाठी मी उरलेला दिवस काढायची, खोटं कशाला बोलू? बाकी वेळ घर खायला उठायचं. टीव्ही लावायची ती बातम्यांसाठी नाय, घरात कुणीतरी बोलतंय एवढ्यासाठी. लेक फोनवर विचारायची, जेवलीस का? व्हय म्हणायची. संपला फोन.

श्रावण संपला अन् झाली पंचाईत. आता गोगलगायी मारायला माझे हात मोकळे. आपांनी कशाला यावं? मी म्हटलं, "आमच्या महालक्ष्म्या आल्यात, आत्ता जीव मारायचा नसतो." मग पितृपक्ष. मग नवरात्र. शेवटी सांगून टाकलं, मी अख्खा चातुर्मासच पाळते. कसला चातुर्मास! हे असताना भर श्रावणात झुरळावर चप्पल हाणायची मी. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात, ती मीच.

पाऊस गेला, थंडी पडली, गोगलगायी जमिनीत दडल्या. मी आपली गोणपाट भिजवतेच आहे. तुळशीचं लग्न लागलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी आपांनी गोणपाट उचललं. खाली एकही नव्हती. त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्यापाशी आता सणही उरला नव्हता.

"आपा," मी म्हटलं, "माझा श्रावण कवाच संपलाय."

"मालूम है." त्यांनी बादली पालथी घातली. "श्रावण खतम हुआ के गोश्त की दुकान पे तुम्हारेच लोगां की लाइन लगती. हमकू नक्को सिखाओ."

"मग इतके दिवस येत कशाला राहिलात?"

"तुम बुलातेच नै ना भाभी. दीवार पे से एक आवाज देना था. मैं आ जाती."

एक आवाज द्यायचा, एवढंच. पण हाका मारायचे ते हेच. भाजीवाल्याला, पोस्टमनला, भिंतीपलीकडं आपांच्या घराला. माणूस आत आलं की मी नुसता चहा टाकायची. हे गेल्यापासून माझ्या तोंडून कुणाला हाकच निघाली नव्हती.