काळा चष्मा

डोळ्यांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावरचे आजोबा सावलीतही कपाळावर हात आडवा धरून बसले होते. मिठागरावर जन्म गेलेल्या माणसाची ही सवय. माझ्या बाबांचीही होती. आजोबांच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकलेला लालसर पडदाही अगदी बाबांसारखाच.

डॉक्टरीणबाईंनी तिथेच बॅटरी धरून पाहिलं. "हा वडस. साधं मांस वाढलंय, घाबरू नका. ऊन, वारा, मिठाची चकाकी यानं होतं. थेंबांनी लाली कमी होईल. बाहुलीवर आला तर मात्र काढावा लागेल. उन्हात काळा चष्मा घालत जा."

"चष्मा लावून मीठ ओढू?" आजोबा हसले.

बाबाही असेच हसले होते. पहिल्या पगारातून मी त्यांना काळा चष्मा आणला, तो त्यांनी फक्त लग्नाकार्यात, मांडवाच्या सावलीत घातला. मिठागरावर नेला नाही. खाऱ्या वाऱ्यानं खराब होईल म्हणाले.

घरी येऊन मी त्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून चष्मा बाहेर काढला आणि खिडकीतल्या उन्हासमोर धरला. काच अजून नवीकोरी आहे.

एखादा ओरखडा तरी हवा होता, बाबा.