मुनेश्वर सरांची हात-मोजणी

देवराव मुनेश्वर सरांना कोणाचा हेवा वाटत असेल, असं मारेगावकडच्या त्या गावात विचारलं तर लोक हेडमास्तरांचं नाव घेतील, नाहीतर यवतमाळला बदली करून घेतलेल्या एखाद्या नशीबवानाचं. छे! सर जळायचे ते शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रुपीबाईवर. आणि जळायचे म्हणजे वरवर नाही, चांगले पोटातून, अठरा वर्षं.

रुपीबाई पलीकडच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीतली. शाळा तिनं बाहेरूनच पाहिलेली. पण पाचवी ते आठवीची पोरं जेवायला बसली की ती एक गोष्ट सांगायची, तिच्या आजीकडून आलेली. देवानं आधी सगळी जनावरं केली. वाघ केला, बकरी केली, रानडुक्कर केलं. माती संपली. मग हाताला जी चिकटून राहिली होती ती खरवडून खरवडून त्यानं शेवटी माणूस केला. "म्हणून आपल्यात सगळ्याइचं थोडं थोडं हाय रे पोरहो. राग वाघाचा, अन् भूक त्या बकरीची." मग ती एखाद्या खादाड पोराच्या पोटाला बोट लावायची आणि अख्खी पंगत खिदळायची.

आता सांगा, याच्यापुढं सरांच्या फळ्यावरच्या आकृत्यांचं काय चालणार?

सर दहावीला विज्ञान शिकवायचे. उत्क्रांतीचा धडा त्यांच्या जिव्हाळ्याचा. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न साली धम्म घेतला तेव्हा घरातल्या देवांबरोबर "कोणीतरी सांगितलं म्हणून मानायचं" ही सवयही घराबाहेर काढली होती. म्हणून धडा संपला की सर वर्गाला विचारायचे, "माणूस लाखो वर्षांत आधीच्या प्राण्यांपासून घडत आला, हे ज्याले मनापासून खरं वाटते त्यानं हात वर करा." पेपरात तर सगळेच बरोबर लिहायचे, मार्क घ्यायचे. पण हात? चार. कधी सहा. एका वर्षी अकरा झाले तर सर घरी जिलबी घेऊन गेले. बाकीची पोरं लाजत सांगायची, "सर, रुपीआजी तं मातीचा सांगते." ऐकून सरांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एम.एस्सी. आपण केली, रात्री जागून चार्ट आपण रंगवले, आणि पोरांच्या डोक्यात ठाण मांडून बसली कोण, तर ही!

यंदा त्यांचं शेवटचं वर्ष. येत्या मे महिन्यात निवृत्ती. एकदा, फक्त एकदा, वर्गातले सगळे हात वर गेलेले त्यांना पाहायचे होते. अडतीस पोरं. त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं, पण जीव त्या अडतीस हातांत अडकला होता.

धडा रंगात आला होता. सर म्हणाले, "माकडाले कान हलवता येतात. आपल्याही कानाजवळ तेच स्नायू हाय, पण आता ते कामाचे नाही राह्यले. हे पूर्वज एक असल्याची खूण हाय."

मोनालीनं हात वर केला. हुशार पोरगी, आणि जिभेनं फटकळ. "सर, स्नायू हाय तं एखाद्याचे तरी हलायले पाह्यजे ना. तुम्ही हलवून दाखवा."

सरांनी दात आवळले, भुवया ताणल्या, मान आखडली. चष्मा नाकावरून घसरला, कान मात्र ढिम्म. वर्ग फुटला हसून. तेवढ्यात मागच्या बाकावरून ऋतिक ओरडला, "सर, रुपीआजी हलवते ना कान! आमाले पाचवीत दाखवत जाये!"

झालं! जगात दुसरं कोणी नव्हतं काय? सरांना वाटलं, धडा इथंच गुंडाळावा. पण अडतीस चेहरे दाराकडे वळले होते. शेवटी त्यांनीच ऋतिकला पाठवलं.

रुपीबाई पदराला हात पुसत आली आणि दारातच थांबली. "काय झालं सर? कालची खिचडी खारट होती का?"

"नाही. जरा कान हलवून दाखवा," सर भिंतीकडे बघत म्हणाले.

तिनं हलवले. आधी डावा, मग उजवा, मग दोन्ही. कानातले झुबे लकलक हलले. पोरं बाकांवर चढली. मोनाली तिच्या कानाला बोट लावून आली. "सर! आतून हलून राह्यलं! मांस हलते!"

सरांनी लोखंड तापलेलं पाहून लगेच आपला नेहमीचा प्रश्न टाकला. आणि हात वर गेले. एक, दोन, दहा, वीस... अडतीस! सरांनी दोनदा मोजले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, खोटं कशाला सांगू.

इथं थांबायचं ना माणसानं! पण पोटातली आग कुठं थांबू देते? रुपीबाई अजून दारात उभी होती. तिच्यादेखत तिच्या गोष्टीसाठी एकही हात वर जाऊ नये, हे त्यांना बघायचं होतं. अठरा वर्षांचं उट्टं काढायचं होतं. ते म्हणाले, "आता सांगा, देवानं हाताची माती खरवडून माणूस केला, हे कोणाले खरं वाटते?"

हात वर गेले. अडतीस.

"अरे, दोन्ही कसं खरं?" सर जवळजवळ किंचाळले. "आत्ताच तं तिकडं हात वर केला!"

"दोन्ही चांगलं वाटते सर," ऋतिक म्हणाला.

सरांना कळेना, जिंकलो की हरलो. आणि मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. रुपीबाईचे दोन्ही हात खालीच होते.

"काहून रुपीबाई?" सर कडवट हसले. "तुमचीच गोष्ट ना? तुमचा हात कुठं हाय?"

रुपीबाईला प्रश्नाचंच नवल वाटलं. "ते तं गोष्ट हाय सर. माह्या आजीची याद येते म्हणून सांगतो. त्याले हात कायले वर करा लागते? खरं-खोटं तुम्ही सांगाचं, तुम्ही शिकेल हा." आणि चुलीवर खिचडी लागेल म्हणून ती लगबगीनं निघून गेली.

म्हणजे ती कधी स्पर्धेत नव्हतीच. अठरा वर्षं सर एकटेच धावत होते. आपल्याला जे मनापासून प्रिय आहे ते आपण एकदाही नुसतं सांगितलं नाही, दरवेळी हातच मोजले, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आणि रुपीबाईचा इतका हेवा त्यांना आजवर कधीच वाटला नव्हता.