पावसाळ्यातल्या प्रती

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे लायब्ररीच्या मॅडमचं चुकलंय असं म्हणताना अजून जीभ अडखळते. पण राग आलाय, तो लपवत नाही.

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीत मीरा-भाईंदरमधल्या जुन्या वेबसाइट्सच्या प्रती जपून ठेवतात. साइट कुणाची, कशाबद्दल, कोणत्या काळातली, असं एकेकीचं वर्णन लिहून सूचीत घालायचं काम आम्ही काही मुलं करतो. येणारा माणूस सूची वाचतो. मूळ प्रत क्वचितच उघडतो.

दिवाळीच्या आधी मला सूचीत आमच्या कोळीवाड्यातल्या मच्छीमार संस्थेची साइट दिसली. मॅडमनी लिहिलं होतं, ‘संस्था बंद. मासळी वाळवण्याची जागा वापरात नाही.’

मी प्रती उघडल्या. सगळ्या जून-जुलैतल्या, कारण कॉलेज उघडलं की लायब्ररी साइट्स उतरवून घेते. प्रत्येकीवर रिकाम्या जागेचा फोटो आणि एक ओळ: ‘दर्या बंद हाय. नारळी पुनवेला भेटू.’

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेव्हा वाळवणार काय?

“मॅडम, ही मासेमारीची बंदी दर वर्षीची आहे. पुनवेला भेटू असं लिहिलंयही.”

“दर वर्षी तीच ओळ, म्हणजे साइटकडे कुणी बघतच नाही. आपण प्रतीत दिसतं तेच लिहायचं. तू तिथली आहेस, म्हणून तुला लागतंय.”

घरी जाताना बघितलं, संस्थेच्या त्याच जागेत आई बांबूंवर बोंबील वाळत टाकत होती. तिला सांगितलं.

“मंग मी हितं काय करतंय? आण तुझ्या मॅडमला, वास तरी घेऊन जाईल.”

मला हसू आलं नाही.

पुढच्या आठवड्यात पार्किंगसाठी जागा बघणारे दोघं लायब्ररीत आले. त्यांनी सूचीतल्या त्या पानाचा प्रिंट मागितला. “खाली ही है, अच्छा है,” एक दुसऱ्याला म्हणाला. ज्या जागेवर आई रोज उन्हात वाकते, ती जागा.

मी कॉम्प्युटरवर बसले आणि पहिलीच ओळ बदलली: ‘सर्व प्रती पावसाळी मासेमारी बंदीतल्या. संस्था चालू, जागा वापरात.’ नवा प्रिंट घेऊन जिन्यात त्यांना गाठलं. त्यांनी तो न वाचताच घडी करून खिशात घातला.

वर आले तर मॅडम स्क्रीनसमोर उभ्या होत्या.

“बदलायच्या आधी मला विचारायचं होतंस.”

“विचारलं होतं, मॅडम,” मी म्हणाले. ओळ मी काढली नाही.