साडूंची बारा हजार पावलं

पाय हे माणसाला चालण्यासाठी मिळालेले असतात, ही माझ्या थोरल्या साडूंच्या मते निव्वळ अफवा होती. आम्ही दोघेही किहीमचे, दोन वाड्या सोडून राहणारे. पण ते निवृत्त झाल्यापासून झोपाळ्यावरून उठून आपल्या पायांनी फाटकापर्यंत गेल्याचं मी पाहिलं, असं शपथेवर सांगू शकणार नाही. आंबे काढायच्या आकडीने ते बसल्या जागेवरून पंख्याचं बटण दाबत. समोरच्या दुकानातून पाव आणायला स्कूटर काढत, आणि ती अंगणात वळवून होईपर्यंत माझा पाव चहात बुडवून खाऊनही झाला असता. एकदा वानर शिरलं आणि केळीचा अख्खा घड घेऊन निघालं, तर हे झोपाळ्यावरूनच ओरडले, "ए, ठेव तो खाली!" वानराने ठेवला नाही. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण तिथेही कधी जायचे नाहीत. "भरतीला तोच येतो की इकडे," असं वर मलाच समजावायचे.

मग त्यांच्या पायांना सूज आली. डॉक्टरांनी साफ सांगितलं, रोज अर्धा तास चाला, नाहीतर पुढे खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतील. मुंबईच्या लेकीने पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं आणि फोनवर दम भरला, "पावलं दिसली नाहीत तर मी तुम्हाला इकडे घेऊन येणार." इकडे म्हणजे चौदावा मजला. साडूंचा चेहरा पांढराफटक पडला. आणि काय आश्चर्य, आठवड्याभरात पावलं रोज बारा हजारांवर गेली! "काका, तुम्हीही बाबांसारखं चालत जा ना," असं लेकीने मलाच ऐकवलं. येता-जाता मला तर ते झोपाळ्यावरच दिसत होते.

उलगडा झाला तो बोंबील घेताना. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणारी कोळीण टोपली उतरवत होती आणि तिच्या मनगटावर साडूंचं काळं घड्याळ होतं. सकाळी ती दारात आली की घड्याळ साडूंच्या मोबाईलला हिशेब देई आणि मोबाईल मुंबईला. रात्री घड्याळ चार्जही तीच करी. मी खडसावलं, तर साडू थंडपणे म्हणाले, "ती चालतेच आहे, घड्याळ मोजतंच आहे. यात कोणाचं काय गेलं?" मेव्हणीने तर त्यांच्यापुढे केव्हाच हात टेकले होते.

पुढे एका आठवड्यात कोळीण सलग चार दिवस आली नाही. पावलं शून्य. लेकीचा फोन आला, "उद्या सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरते. बॅग भरून ठेवा." नेमकी त्याच दिवशी मेव्हणीने स्कूटरची चावी तांदळाच्या डब्यात लपवली होती.

त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेलो होतो. पाहतो तर साडू वाळूतून चालताहेत! मी धावत जाऊन विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही. घड्याळ गेलंय," ते धापा टाकत म्हणाले.

दोनदा होडीला टेकत, चार वेळा लेकीला आणि एकदा मला शिव्या देत त्यांनी कोळीवाडा गाठला. तिथे जाळं विणणाऱ्या म्हाताऱ्याला त्यांनी ऐटीत विचारलं, "आमची कोळीण कुठे राहते हो?"

म्हातारा बघतच राहिला. "दादा, हितं सगल्याच कोलनी. नाव काय बायचं?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तीस वर्षं आम्ही तिच्या हातची मासळी खात होतो आणि नाव दोघांनाही ठाऊक नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी साडू पुटपुटले, "जिच्या हातात काळं घड्याळ आहे ती."

"मंग हिराबाय!"

हिराबाय ओट्यावर बसली होती, गुडघा सुजून टम्म. साडूंना पाहून तिने तोंडावर हात घेतला. "दादा, तुमी? चालत?" मग घड्याळ काढून तिने त्यांच्या हातात ठेवलं. "डॉक्टर बोलला, आता टोपली उचलायची न्हाय. माजं फिरनं संपलं. आता तुमचं तुमीच चाला."

साडू घड्याळ मनगटावर बांधून परत निघाले. घरी पोचल्यावर लेकीला फोन करून म्हणाले, "येऊ नकोस. घड्याळ चार दिवस हातात नव्हतं. आज बघ." तिने पाहिलं, आणि बोटीचा बेत रद्द झाला.

त्याला आता तीन महिने झाले. साडू रोज सकाळी वाळूतून हिराबायच्या ओट्यापर्यंत जातात, तिच्या सुनेकडून मासळी घेतात, गुडघ्याची चौकशी करतात आणि परत येतात. पायांची सूजही उतरली आहे. परवा मी त्यांच्याकडे असताना लेकीचा फोन आला. "बाबा, बारा हजारांवरून चार हजारांवर? किती आळस करताय!"

"हो गं, जरा कमी झालंय खरं," साडू हळूच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस खरोखर चालत होता आणि वर बोलणी खात होता. मला हसू आवरेना.

ते मात्र हसले नाहीत. फोन ठेवून चपलांतली वाळू झटकता झटकता थांबले आणि मनगटावरचं घड्याळ न्याहाळू लागले.

"बारा हजार, हो," ते म्हणाले. "रोज. डोक्यावर टोपली घेऊन."