पत्रिकेच्या दुकानातली नवी सिस्टीम

रविवार, भाऊबीज उरकल्यानंतरचा. जागा: कळंब, थोरल्या भावाचं लग्नपत्रिकांचं दुकान. हजर: दादा, वहिनी, त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, आणि मी. गैरहजर: आमचे हे, बेंबळीला हरभऱ्याची पेरणी चालू होती म्हणून. दुपारी एक गिऱ्हाईक आलं, त्याचं पुढं येईलच.

मी शाळेत लिपिक आहे. कुठलंही काम हातात घेण्याआधी कागदावर क्रम लिहायचा आणि झालं की पुढं खूण करायची, ही सवय नोकरीनं लावली. माहेरी त्याची थट्टा होते, पण बोलावणंही त्यासाठीच येतं. या वेळी वहिनींचा फोन आला होता. "वन्सं, तुम्ही या बाई. हे बापलेक दोघंच बसले तर कॉम्प्युटर राहील न्हाय तर दुकान राहील."

काम असं होतं. दादांनी पाडव्याला नवा प्रिंटर घेतला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुनी सेव्हन सिस्टीम, आणि प्रिंटर तिच्याशी बोलायला तयार नाही. निदान तिच्यापुढची टेन सिस्टीम पाहिजे, असं खोक्यावरच छापलेलं होतं. ते खोकं फोडून झाल्यावर वाचलं गेलं. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं, म्हणजे पत्रिकांचा हंगाम सुरू. भाचा पुण्यात कॉम्प्युटरच्याच नोकरीत आहे आणि सोमवारी परत जाणार होता. म्हणजे रविवारी झालं तर झालं.

आता अडचण कुठं होती ते सांगते. दादा मराठी टाइप करतात ते टाइपरायटरच्या मांडणीवर. तरुणपणी टायपिंगच्या क्लासला शिकलेले, दहाही बोटं चालतात आणि कीबोर्डकडं बघावं लागत नाही. त्यासाठी त्यांच्याकडं एक जुना टायपिंगचा प्रोग्राम आहे. तो चालायला कॉम्प्युटरच्या मागं एक छोटी प्लास्टिकची चावी खोचून ठेवावी लागते. प्रोग्राम बनवणाऱ्यानं धंदा कधीच बंद केला. नवी सिस्टीम टाकताना तो गेला तर दादांची बोटं रिकामी. मोबाइलवर मराठी लिहिताना ते एक एक अक्षर शोधतात आणि वैतागून फोनच लावतात. साठी उलटलेला माणूस स्वतःच्या दुकानात नुसता गल्ल्यावर बसून राहील, ही भीती वहिनींना होती, मला होती. दादा बोलून दाखवत नव्हते, पण सकाळपासून दोनदा त्यांनी मागं हात घालून चावी नीट बसलीय का ते चाचपलं होतं.

शिवाय जुन्या पत्रिका. आमच्याकडं पत्रिका कोऱ्या कागदावरून कुणी करत नाही. घरात दुसरं लग्न निघालं की माणूस येतो आणि म्हणतो, "मागच्यावरून घ्या." मागची पत्रिका उघडायची. आशीर्वादातले जे गेले त्यांच्या नावामागं कै. लावायचं. मागच्या वेळी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' या ओळीत असलेली पोरं मोठी होऊन निमंत्रकांत आली असतील तर ती वर घ्यायची, नवी नातवंडं खाली घालायची. भावकीतलं एखादं नाव सुटलं तर लग्नाच्या पंगतीला ते घर येत नाही, आणि त्याचा राग नवरदेवाच्या बापाच्या आधी दादांवर निघतो. म्हणून मागची पत्रिका मोडायची नाही, तिच्यातच बदल करायचा. कळंबच्या आसपासची कितीतरी घरं अशी त्या कॉम्प्युटरमध्ये, त्या प्रोग्रामच्या फायलींत बसलेली आहेत.

माझ्या कागदावर पहिलं काम होतं: सगळ्या पत्रिका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणं. भाचा म्हणाला, "आत्या, फायली जात नसतात." मी म्हटलं, "जात नसतील तर उतरवायला काय हरकत आहे?" उतरवल्या. खूण केली.

दुसरं काम, नव्या टेन सिस्टीमचं योग्य डाउनलोड निवडणं. ते भाच्याच्या लॅपटॉपवर करायचं ठरलं. पान उघडलं. कुठली आवृत्ती, कुठली भाषा, बत्तीस बिट की चौसष्ट बिट, असे तीन प्रश्न. भाषांची यादी लांबलचक. दादा चष्मा कपाळावरून खाली घेऊन वाचायला लागले.

"थाई हाय. एस्टोनियन हाय. हे कोण लोक म्हणायचे? आपली न्हाय व्हय?"

"नाही अण्णा. इंग्रजीच घ्यायची." भाचा वडलांना अण्णा म्हणतो.

"इंग्रजीपण दोन दोन हायत की रे."

"एक अमेरिकेची, एक बाकीच्या जगाची. काही फरक पडत नाही."

खाली एक चौकोन होता, आधीच खूण केलेला: या कॉम्प्युटरसाठी सुचवलेले पर्याय वापरा. भाच्यानं तो तसाच ठेवला. त्यात चौसष्ट बिट आपोआप आलं. मी विचारलं, बत्तीस आणि चौसष्टमध्ये फरक काय. तो समजावून सांगायला लागला तेवढ्यात वहिनी चिवड्याची ताटली घेऊन आल्या.

"चौसष्ट म्हंजे दुप्पट. मग दुप्पटच घ्या की, त्याला काय विचारायचं?"

दादांनी लगेच मान डोलावली. "बरोबर हाय. कागदाचं तसंच. वजनाचा आकडा जेवढा मोठा तेवढी पत्रिका दणकट. हलका कागद दिला की गिऱ्हाईक बोटात धरून बघतं आन् तोंड वाकडं करतं."

"बघ आत्या," भाचा हसला, "अण्णांनासुद्धा पटलं."

पत्रिकेच्या दुकानात आकड्याचा अर्थ असाच लावला जातो. मोठा आकडा म्हणजे जाड माल. मलाही त्यात खोट दिसली नाही. डाउनलोड सुरू झालं, भाच्याच्या मोबाइलच्या नेटवर. अर्ध्यात नेट संपलं, मग वहिनींचा मोबाइल जोडला. वहिनींचं त्यावर कीर्तन चालू होतं, ते बंद पडलं म्हणून त्या थोड्या रागावल्या.

डाउनलोड पेनड्राइव्हवर घेतलं आणि तो दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला. भाच्यानं फाइल चालवली आणि समोर इंग्रजीत आलं की ही फाइल या कॉम्प्युटरवर चालणार नाही. जुनी सिस्टीम बत्तीसची होती आणि आम्ही चौसष्टची आणली होती. मला तो चौकोन आठवला. सुचवलेले पर्याय 'या कॉम्प्युटरसाठी', म्हणजे भाच्याच्या लॅपटॉपसाठी होते, दादांच्या कॉम्प्युटरसाठी नव्हे. भाच्याच्याही ते लक्षात आलं. पण तो मागं हटायला तयार नव्हता.

"ठीक आहे, वरून चढत नाही तर सगळं पुसून टाकू आणि चौसष्ट कोरी बसवू. तसंही आता सगळं चौसष्टवरच आहे. फायली आत्यानं उतरवल्यात की."

"आणि प्रोग्राम?" मी विचारलं.

"तो परत टाकायचा."

"आधी तुझ्या लॅपटॉपवर टाकून दाखव."

त्यानं दादांच्या कपाटातून जुनी सीडी काढली, तिच्यातलं सगळं दुकानातल्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर घेतलं आणि आपल्या चौसष्टच्या लॅपटॉपवर चालवलं. लॅपटॉप म्हणाला, हा प्रोग्राम इथं चालत नाही, बनवणाऱ्याला विचारा. भाच्यानं दोन-तीन तऱ्हांनी करून बघितलं. मग एका पत्रिकेची फाइल उघडायला गेला, तर लॅपटॉपला ती कशानं उघडायची तेच कळेना.

दादांनी चष्मा परत कपाळावर ढकलला. मग म्हणाले, "म्हंजे दुप्पट घेतली तर म्या बाद."

"तसं नाही अण्णा, दुसरे प्रोग्राम आहेत, शिकता येतं."

"शिकतो की. पण तुळशीच्या लग्नाला कितीक दिस ऱ्हायले बाबा?"

नेमकं तेव्हाच ते गिऱ्हाईक आलं. जवळच्याच गावचा शेतकरी, धाकट्या मुलीचं लग्न ठरलेलं. मोटरसायकल उन्हातच लावून आत आला आणि उभ्यानंच म्हणाला, "मास्तर, थोरलीच्यावरून घ्या. नवरा-नवरीची नावं आन् तारीख तेवढी बदला." दादांना सगळे मास्तर म्हणतात, कधी शिकवलेलं नसलं तरी.

वहिनी म्हणाल्या, "आज मशीन आजारी हाय. सांजच्याला या."

"आजारी म्हंजे? थोरलीची पत्रिका हाय नव्हं? चुलत्याचं नाव तवा लई भांडून घातलंय. ते गेलं तर माझी खैर न्हाय."

"हाय," दादा म्हणाले. तो माणूस चहा घेऊन बाजारात गेला.

भाच्यानं पान परत उघडलं. या वेळी आधी दुकानातल्या कॉम्प्युटरजवळ बसून त्यानं तिथली सिस्टीम नेमकी कोणती ते बघितलं आणि मला लिहून घ्यायला लावलं. आवृत्ती होम. बत्तीस बिट. इंग्रजी अमेरिकेची. "भाषा वेगळी घेतली तर प्रोग्राम टिकवायचा पर्याय बंद होतो," तो म्हणाला. मघाशी फरक पडत नाही म्हणाला होता, ते मी काढलं नाही. त्यानंच काढलं. "मघाचं विसर आत्या." मग लॅपटॉपवर तो सुचवलेल्याचा चौकोन रिकामा केला आणि तिन्ही गोष्टी माझ्या कागदावरून एकेक वाचून भरल्या. मी वाचत होते, तो निवडत होता, दादा मागं उभे राहून प्रूफ तपासल्यासारखे दोघांकडं बघत होते.

डाउनलोड होईपर्यंत जेवलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. वहिनींनी भाच्याच्या लग्नाचा विषय काढला. "ह्याचीपण पत्रिका ह्याच मशिनीवर करायची हाय. निदान त्याच्यासाठी तरी मशीन जगू दे."

"मग घाई नाही," भाचा म्हणाला. वहिनींनी त्याच्या पाठीत धपाटा घातला.

या वेळी फाइल चालली. मधे एक पडदा आला: फायली आणि प्रोग्राम ठेवायचे की काही ठेवायचं नाही. पहिला पर्याय उघडा होता. भाच्यानं मला दाखवलं, मी दादांना दाखवलं. "ठेव," दादा म्हणाले. कॉम्प्युटर कितीतरी वेळा बंद होऊन चालू झाला. ऊन दुकानाच्या पायरीवरून खाली उतरलं तेव्हा नवीन पडदा आला, निळा आणि स्वच्छ.

दादांनी प्रोग्राम उघडला. चावी सापडत नाही, असं तो म्हणाला. भाच्यानं चावी काढून मागच्याच दुसऱ्या खाचेत घातली. परत उघडला. उघडला. दादांनी थोरलीची पत्रिका काढली, नवरा-नवरीची नावं आणि तारीख पुसली, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, त्याला फोन लाव, नावं आन् तारीख सांग म्हणावं." मी ऐकून सांगत गेले आणि त्यांनी खाली न बघता टाइप केलं. चुलत्याचं नाव जागेवर होतं. नव्या प्रिंटरवर पहिला कागद निघाला, वहिनींनी त्याला हळदीकुंकू लावलं.

रात्री मी निघण्याआधी भाच्यानं मला बाजूला घेतलं. दादांपासून लपवावं असं काही नव्हतं, आणि तेही आलेच. भाचा म्हणाला की ही बत्तीसची शेवटची. हिच्यापुढच्या इलेव्हनमध्ये बत्तीस मुळातच नाही, आणि या टेनचीसुद्धा आता कुणी डागडुजी करत नाही. कॉम्प्युटर मेला की प्रोग्रामही गेला. त्याआधी जुन्या पत्रिका नव्या, सगळीकडं चालणाऱ्या फाँटमध्ये उतरवून घ्यायला हव्यात, आणि एकेक नाव डोळ्यांनी तपासायला हवं. टाइपरायटरची मांडणी नव्या फाँटलाही मिळते. त्यानं ती कॉम्प्युटरवर बसवून दिली. दादांनी एक ओळ टाइप करून बघितली. बोटं बहुतेक ठिकाणी बरोबर पडली, काही जोडाक्षरांना अडखळली.

"जमंल," दादा म्हणाले. "हंगाम होऊ दे."

भाचा पुण्याला गेला. मी दर रविवारी दादांना फोन करते आणि विचारते, नव्या फाँटचं काम सुरू केलं का. ते म्हणतात, आज गर्दी आहे. गर्दी असतेच, ते खोटं नाही. मी सुट्टीत येऊन तपासायला बसेन म्हटलंय, वहिनी वाचून दाखवेन म्हणाल्यात. सुरुवात आमच्या घरच्या पत्रिकेपासून करायची, चुकलं तरी घरातलंच चुकेल, एवढं ठरलंय. माझ्या कागदावर बाकी सगळ्यांपुढं खूण आहे. पत्रिका नव्या फाँटमध्ये उतरवणं, यापुढं अजून नाही.