पिल्लू आत, मी पडवीत
ओल्या राखेचा वास आला की मला वलगावचं सासर आठवतं. राज्य इंग्रजांचं होतं, घर सासूबाईंचं. त्यांनी संत्र्याच्या मळ्यातून कुत्र्याचं पिल्लू आणलं आणि ते घरभर मुतायचं. सासूबाई न चिडता त्यावर राख टाकायच्या, जागा सारवायच्या आणि त्याला परसातल्या कडुलिंबाखाली नेऊन उभ्या राहायच्या. माझ्या हातून ताक सांडलं तर मात्र दिवसभर ऐकावं लागे. पिल्लाकडे बघून मी जळायची. एकदा पाळी आली म्हणून मी मागच्या पडवीत बाजूला बसले होते, जेवणही दुरून वाढलेलं. पिल्लू आपणहून कडुलिंबाखाली धावलं, मोकळं झालं आणि येताना माझ्या मांडीवर चढलं. "शायना झाला माहा राजा," म्हणत सासूबाई दारात आल्या. मी घाईनं म्हणाले, "आत्याबाई, त्याले मी शिवली." वाटलं, आता त्यालाही माझ्यासोबत बाहेरच ठेवतील. "जनावराले कायचा इटाळ," असं म्हणून त्यांनी माझा पदर चुकवत त्याला अलगद उचललं आणि आत नेलं. आता नातीनं पिल्लू आणलंय, ते पेपरावर मुतायला शिकलं म्हणून सगळं घर त्याचं कौतुक करतं. मी अजून त्याला मांडीवर घेतलेलं नाही.