शेवट नसलेले माझे आवडते पिक्चर

आता या वयात मला कशाला हे लिहायला बसवलंय देव जाणे! नात मागे लागलीय, "आजोबा, तुमचे फेवरिट दहा पिक्चर सांगा, ग्रुपवर टाकायचेत." दहाच का? नऊ का नाहीत? आणि ग्रुपवाल्यांना माझं काय करायचंय? पण ही पोरगी ऐकत नाही, आजीवर गेलीय. मग म्हटलं, लिहितो. डोअरकीपरच्या खिशात फाडलेल्या तिकिटांचे तुकडे साठतात तसे हे किस्से साठलेत. धोतर झटकलं की दोनचार पडतातच.

मी बनारसच्या एका टॉकीजमध्ये अठ्ठावीस वर्षं डोअरकीपर होतो. वडील बालाजी घाटावर यात्रेकरूंची पूजा सांगायचे. मला चौथीच्या पुढे शाळेनं ठेवलं नाही आणि मंत्र डोक्यात राहिले नाहीत. हातात टॉर्च मात्र बरोबर बसला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शेवटचं रीळ मशीनवर चढलं की वरून आमचा ऑपरेटर लल्लन घंटी वाजवायचा. ती माझ्यासाठी. घंटी झाली की मी बाहेर जायचं, गल्लीकडचे दरवाजे उघडायचे आणि पुढच्या खेळाची गर्दी अडवून धरायची. म्हणजे काय? अठ्ठावीस वर्षांत हजारो वेळा पिक्चर बघितले, शेवट एकाचाही नाही!

मग शेवट कळायचा कसा? घरी. स्टाफच्या बायकांना आठवड्याला एक पास मिळायचा. आमची इंदू दुपारचा खेळ बघून दूधविनायकाला, आमच्या गल्लीत, परत यायची. संध्याकाळी ती भाकरी थापायची, मी पाटावर बसून विचारायचो, "मग पुढे काय झालं?"

---

देवाधर्माचे पिक्चर मला आवडतात. लोक हसतात, हसोत. एक पिक्चर लागला होता त्यात देव स्वतः भक्ताघरी येऊन पाणी भरतो. पंचगंगा घाटावर न्हाऊन ओल्या कपड्यांनी यात्रेकरू थेट टॉकीजला यायचे. चपला बाहेर! दाराशी एवढा ढीग की मलाच आत जायला वाट नाही.

एके दिवशी लल्लननं घंटी वाजवली आणि अख्खं थेटर उभं राहिलं. लोकांना वाटलं, आरती! टाळ्या सुरू, म्हाताऱ्या गाऊ लागल्या. लल्लननं मशीन थांबवलं. पुढचा खेळ वीस मिनिटं उशिरा.

मालक तणतणत वर गेले, मागून मी. लल्लन शांतपणे म्हणाला, "मालिक, आरती बीच में कइसे काटीं?"

मालकांनी चप्पल काढली. मला वाटलं, आता मारतात. त्यांनी ती दाराबाहेर ठेवली आणि आत येऊन हात जोडले!

---

भुताच्या पिक्चरला आमच्याकडे एक पैलवान यायचा. मांडी म्हणजे खांब. पांढऱ्या साडीतली बाई जिना उतरायला लागली की हा माझ्याजवळ यायचा, "गुरू, जरा पेशाबघर तक." मी टॉर्च घेऊन पुढे, तो माझं बोट धरून मागे. पाच आठवडे पिक्चर चालला, पाच आठवडे बोट धरलं.

मी एकदा म्हटलं, "घाबरतोस तर येतोस कशाला?"

तो म्हणाला, "ती एकटी असते हो तिथं."

मी घरी इंदूला विचारलं, त्या बाईचं पुढे काय झालं? ती म्हणाली, "भूत नव्हतंच काही. चांगली जिवंत होती. पुढे लग्न झालं तिचं." मी पैलवानाला सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला की विचारू नका!

---

खुनाच्या पिक्चरची वाट लावली आमच्या दामू पेठ्यांनी. दामू बुकिंगच्या खिडकीत बसायचा. कुणी अरेरावी केली की तो निमूट तिकीट सरकवायचा आणि हळूच म्हणायचा, "सीट बाल्कनीत. खून माळ्यानं केला."

लोक भांडायला यायचे. मालकांनी दम भरला तेव्हा दामूनं सांगणं थांबवलं नाही, खुनी बदलला! कुणाला डॉक्टर, कुणाला मोठा भाऊ. एका वकिलाला म्हणाला, "खून वकिलानं केला." तो बिचारा तिकीट परत करून गेला.

मलाही त्यानं तीन वेगवेगळी नावं सांगितली. शेवटी इंदूला विचारलं. म्हणाली, "खून झालाच नव्हता. तो माणूस गावाला गेला होता. येतो परत." मला पटलं. पोलिसांनी आधी गावी चौकशी करायला नको?

---

एक इंग्रजी पिक्चर आला होता. सगळा बर्फ. एक माणूस आणि त्याचा कुत्रा चालतायत, चालतायत. बोलणं कुणाला कळत नव्हतं, बोलत तरी कोण होतं? बाहेर जेठातली लू, तो भाजणारा वारा, गल्लीतले दगड तापलेले. आत पंखे घरघरतायत आणि पडद्यावर बर्फ पडतोय.

मी टॉर्च मारला तर पुढच्या बाकांवरचे रिक्षावाले गमछे अंगाभोवती गुंडाळून बसलेले! एकजण म्हणाला, "दरवाजा बंद करा भइया, ठंडा लागत बा."

मी बंद केला. खोटं कशाला सांगू, मलाही थंडी वाजत होती.

कुत्रा आणि माणूस घरी पोचले. इंदूनं सांगितलं.

---

पण खरा माझा पिक्चर एकच. नावेचा. पिक्चरचं नाव मुद्दाम सांगत नाही, पोरगी लगेच फोनवर शोधेल.

नदीकाठचं गाव. नावाडी पलीकडे जातो आणि पाणी चढतं. त्याची बायको पायरीवर दिवा घेऊन बसते. पाणी एकेक पायरी वर येतं, तशी ती एकेक पायरी वर सरकते. ती सगळ्यात वरच्या पायरीवर पोचली की घंटी! मी बाहेर.

अकरा आठवडे. रोज तिला त्या पायरीवर सोडून मी दरवाजे उघडत होतो. लोक डोळे पुसत बाहेर यायचे. मी इंदूला विचारलं, "लोक रडतात का गं?"

तिनं भाकरी उलटली. म्हणाली, "आनंदानं रडतात. नाव येते परत. तो उतरतो. वाऱ्यानं दिवा विझतो, पण आता दिवा हवाय कुणाला?"

तेव्हापासून मी संध्याकाळचा बालाजी घाटावर बसायला लागलो. धुक्यातून पलीकडची नाव यायला लागली की मला ती तीच वाटायची. उतरणारा कुणीही असो, दूधवाला असो, मला बरं वाटायचं. सगळी नदीच माझ्या पिक्चरचं शेवटचं रीळ झाली होती.

एकदा लल्लनला विचारलं, "तू तर वरून रोज बघतोस. दिवा वाऱ्यानंच विझतो ना?"

त्यानं बराच वेळ पान जुळवलं. मग म्हणाला, "भउजी जवन कहलीं, तवने सही." म्हणजे वहिनी म्हणाली तेच खरं.

---

टॉकीज बंद व्हायची ठरली. मालकांनी सगळ्यांना बोलावलं, म्हणाले, "शेवटच्या दिवशी कुठला लावू?" कुणी तोंड उघडायच्या आत दामू म्हणाला, "याच्या नावेचा लावा. याला एकदा बसून बघू द्या." लल्लननं कुठूनशी रिळं आणवली.

दुपारचा खेळ. त्यानंतर खेळ नाही, गर्दी नाही, दरवाजे उघडायचे नाहीत. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी खुर्चीत बसलो. शेजारी इंदू. 

पडद्यावर पाणी चढलं. ती पायऱ्या चढली. वरच्या पायरीवर पोचली. सवयीनं लल्लननं घंटी वाजवली आणि सवयीनं मी उठलो. दामू मागून ओरडला, "बस रे!" सगळे हसले. मी बसलो. जीव नुसता डोळ्यांत आला होता.

इंदूनं माझा हात धरला. "अहो, मला गरगरतंय. चला बाहेर."

"पाच मिनिटं गं."

"आत्ता."

गेलो. काय करणार? बायको पडली बिडली तर? बाहेर रखरखीत ऊन. ही सरळ चालत कोपऱ्यावरच्या दुकानात गेली आणि दोन कचोऱ्या, वर जिलबी खाल्ली!

मी म्हटलं, "गरगरत होतं ना?"

"थांबलं," ती म्हणाली आणि जिलबीचा तुकडा माझ्या तोंडात कोंबला.

पिक्चर सुटला. दामू डोळे पुसत निघाला, माझ्याकडे न बघता. लल्लन खाली आला. त्यानं इंदूला वाकून नमस्कार केला आणि दुसऱ्या गल्लीनं निघून गेला.

परवा नात म्हणते, "आजोबा, आता सगळं फोनवर मिळतं. नाव सांगा, शेवट लावते." स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. मी म्हटलं, लावू नकोस. आधी त्या दिवशी मला उठवून नेल्याबद्दल माझी माफी मागितली पाहिजे, मग बघू शेवट.

"कोणी मागायची?" पोरगी विचारते.

लिहितो. पुरतं नाव लिहितो, तू तिला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाच. इंदुमती.